होस्टनेम कोणाच्या मालकीचं?

उन्हाळा सरता सरता नागपुरात वादळी पाऊस येतो, वीज जाते, तासाभराने येते. आणि मग आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाचा फोन वाजू लागतो. "भाऊ, गोदामाचे कॅमेरे दिसून नाही राहिले." कॅमेरे चालू असतात, डीव्हीआर इमानेइतबारे रेकॉर्डिंग करत असतो. राउटर बंद पडून पुन्हा जोडला गेला आणि इंटरनेट कंपनीने त्याला नवा आयपी पत्ता दिला, एवढंच घडलेलं असतं. इतवारीत गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याच्या मोबाइलमध्ये मात्र कळमन्यातल्या गोदामाचा जुनाच पत्ता आहे.

यावरचा डायनॅमिक डीएनएसचा उपाय वाचकांना नवा नाही. होस्टनेम कायम, पत्ता बदलला की राउटरमधला क्लायंट नेमसर्व्हरला कळवतो, टीटीएल 60 सेकंदांच्या आसपास. चालू नेमसर्व्हरवरच्या नोंदी अशा बदलण्याची पद्धत आरएफसी 2136 ने एप्रिल 1997 मध्येच घालून दिली. आमचं म्हणणं आहे ते होस्टनेमच्या मालकीबद्दल.

सर्रास चालतं ते असं: इन्स्टॉलर स्वतःच्या ईमेलवर फुकटचं खातं उघडतो, पार्टीच्या दुकानाच्या नावाने होस्टनेम घेतो, राउटरमध्ये पासवर्ड भरतो, बिल करून निघतो. नो-आयपीसारखी सेवा फुकट नावासाठी दर 30 दिवसांनी 'नाव अजून हवं आहे का' असं विचारते. ती मेल जाते इन्स्टॉलरकडे. त्याने दरम्यान नोकरी धरली असेल, पुण्याला गेला असेल, तर नाव बंद. आणि पुढचा माणूस सगळ्या मोबाइलमध्ये नवं नाव भरत बसतो.

फुकट सेवेचा भरवसा किती, हे 2014 ने दाखवलं. त्या वर्षी 7 मे रोजी डाइन कंपनीने आपली फुकट सेवा बंद केली. कितीतरी राउटरांच्या मेनूमध्ये तिचंच नाव पहिलं असायचं. 30 जूनला मायक्रोसॉफ्टने अमेरिकी कोर्टाचा आदेश मिळवून नो-आयपीचे वीसहून जास्त डोमेन ताब्यात घेतले. रोख त्यांवर चाललेल्या मालवेअरवर होता, पण साध्या ग्राहकांची नावंही बंद पडली. काही दिवसांत डोमेन परत मिळाले, तोवर हातावर हात.

म्हणून डोमेन ग्राहकाचं, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या मोबाइल नंबरवर नोंदलेलं असावं. 'कॅमेरा' असा एखादा सबडोमेन करून त्याचा सीनेम डायनॅमिक सेवेच्या नावाकडे वळवावा. सेवा बुडाली तर एक ओळ बदलायची. मोबाइलला हात लावायला नको.

अर्थात त्याआधी जोडणीला पब्लिक आयपी आहे का, ते बघा. राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता आणि बाहेरच्या साइटवर दिसणारा पत्ता वेगळे असतील, त्यातही वॅनचा 100.64 ते 100.127 मध्ये असेल, तर जोडणी सीजीनॅटच्या मागे आहे. हा पट्टा 2012 च्या आरएफसी 6598 ने त्यासाठीच राखून ठेवला. आशिया-पॅसिफिकचा आयपीव्ही4 चा मोकळा साठा एप्रिल 2011 मध्येच संपत आला होता, तेव्हा ही तंगी आजची नाही. अशा ठिकाणी डायनॅमिक डीएनएस विकणं म्हणजे ग्राहकाला फसवणं. नाव अगदी अचूक पत्ता सांगेल, आणि त्या पत्त्यावर कोणी दार उघडणार नाही. तिथे स्टॅटिक आयपी मागा, आयपीव्ही6 तपासा, नाहीतर आतून बाहेर टनेल काढा.

शिळी नोंद तर बंद नावापेक्षा वाईट. आपण सोडलेला पत्ता कंपनी दुसऱ्या कोणाला देते. क्लायंट अडकला असेल तर आपलं नाव परक्या राउटरकडे बोट दाखवतं, आणि लॉगिनचं पान दिसलं की ग्राहक बिनदिक्कत पासवर्ड टाकतो. सर्टिफिकेट तपासणारं एचटीटीपीएस असेल तर ब्राउझर निदान ओरडतो. पोर्ट फॉरवर्ड करून साध्या एचटीटीपीवर डीव्हीआर उघडा ठेवण्याचे दिवस खरं तर 21 ऑक्टोबर 2016 लाच संपायला हवे होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले डीव्हीआर आणि कॅमेरे मिराई बॉटनेटने जमवले आणि त्यांचा मारा केला तो नेमका डाइनच्या डीएनएसवर. ट्विटरसकट कित्येक मोठ्या साइट अडकल्या. ज्या कंपनीच्या नावांवर डीव्हीआर सापडत असत, तिलाच डीव्हीआरांनी पाडलं!

पब्लिक आयपी असेल तर आमची पसंती वायरगार्डला: बाहेरून उघडं फक्त त्याचं एक यूडीपी पोर्ट, डीव्हीआर आत. पण त्यातली एक खोच अनेकांना दमवते. एंडपॉइंट म्हणून होस्टनेम दिलं तरी वायरगार्ड ते टनेल चालू करतानाच एकदा सोडवतो. नंतर पत्ता बदलला, डीएनएस अगदी ताजं झालं, तरी टनेल जुन्या पत्त्यावरच हाका मारत राहतो. लिनक्सवर त्याच्या टूल्ससोबत नाव पुन्हा सोडवणारी स्क्रिप्ट येते. ती टायमरवर लावावी. मोबाइलवर टनेल बंद-चालू करणं पुरतं, आणि हे ग्राहकाला हँडओव्हरच्या वेळीच करून दाखवावं.

डोमेनचं वार्षिक नूतनीकरण कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा, 'नाव ग्राहकाच्या मालकीचं' या शब्दांसह. घासाघीस झालीच तर केबलच्या भावात करा, ही ओळ काढू नका.