विश्लेषण : ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्याने लिहिलेल्या मतावर ताबा कोणाचा?

वर्गात विचारलेला प्रश्न तास संपला की विरून जातो. ऑनलाइन वर्गात तोच प्रश्न नाव, तारीख आणि वेळेसह साठून राहतो. करोनाकाळानंतर अध्यापनातील चर्चेचा मोठा भाग ऑनलाइन झाला. सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ मंचावरून घेण्याची मुभाही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली. त्यामुळे या लिखाणावर ताबा कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अधिकारांची विभागणी कशी असते?

जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘मूडल’ प्रणालीत प्रशासक, शिक्षक, विद्यार्थी, पाहुणा अशा भूमिका असतात आणि प्रत्येकीचे अधिकार वेगळे. तिच्या मूळ रचनेत विद्यार्थ्याला चर्चेतील आपले लिखाण बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी ३० मिनिटे मिळतात. त्यानंतर ते त्याच्या हातात राहत नाही. शिक्षकाला मात्र कोणाचेही लिखाण केव्हाही काढता येते. ही मुदत प्रशासक बदलू शकतो. म्हणजे वरवर तांत्रिक वाटणारी ही बाब प्रत्यक्षात धोरणाची आहे.

काय काढावे, काय ठेवावे?

शिवीगाळ, धमकी, जातिवाचक अपमान किंवा दुसऱ्याचा फोन क्रमांक काढण्याबाबत दुमत नसावे. अडचण येते ती टीकेबाबत. २०१२ मध्ये पालघरमध्ये फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्यानंतर श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ‘६६ अ’ रद्द केले. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत न्यायालयाने फरक केला. हा निकाल वर्गासाठी दिलेला नाही. पण तो फरक शिक्षकालाही उपयोगी आहे. परीक्षेच्या गोंधळावरचा कडवट शेरा ही चिथावणी नव्हे.

नवा कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती ‘बालक’ ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. बारावीनंतर पदवीच्या पहिल्या वर्षात येणारे अनेक जण सतरा वर्षांचे असतात. विद्यार्थ्यांचा माग ठेवण्याबाबत शिक्षणसंस्थांना नियमांत सवलत आहे. मात्र ती शैक्षणिक कामकाज आणि मुलांची सुरक्षितता यांपुरतीच. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

विद्यापीठांनी काय करावे?

सत्राच्या सुरुवातीलाच मराठीत एक पानी नियमावली द्यावी. खाते कोणाला मिळेल, चर्चा कोणाला दिसेल, लिखाण का काढले जाईल आणि सत्र संपल्यावर ते केव्हा पुसले जाईल, हे त्यात असावे. काढलेल्या लिखाणाचे कारण संबंधित विद्यार्थ्याला कळवावे. दाद मागण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल अशी व्यवस्था आहेच. हे विषयही तिच्याकडे नेता येतील, असे विद्यापीठांनी स्पष्ट करावे. आपला प्रश्न पुढे कोण वाचणार, हे माहीत नसेल तर विद्यार्थी तो विचारणारच नाही आणि मग वर्ग ऑनलाइन असूनही मुका राहील.