इलयाराजा: सूर आपले, प्रस्तावना त्यांची

संगीतकार इलयाराजा यांचे नाव निघाले की आपल्या कार्यकर्त्यांत हल्ली दोन तट पडतात. एक म्हणतो, गावकुसाबाहेरच्या माणसाने एवढे साम्राज्य उभे केले, त्याचा अभिमान बाळगा. दुसरा म्हणतो, ज्याने बाबासाहेबांना मोदींच्या पंक्तीला बसवले त्याचे कौतुक आमच्यापुढे नको. परवा एका बैठकीत या वादात विषयपत्रिका बाजूलाच राहिली. आम्ही गप्प बसलो होतो. दोघांचेही म्हणणे आम्हाला अर्धे पटते, म्हणून आज लिहीत आहोत.

इलयाराजा १९४३ साली पण्णैपुरम या खेड्यात जन्मले. हे गाव आज तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात आहे. कुटुंब परयर समाजाचे. 'परय' म्हणजे डफासारखे चामड्याचे वाद्य. त्याच्याशी त्या समाजाचे नाव जोडलेले आणि त्याच नावावरून समाजाला अस्पृश्य ठरवलेले. थोरले बंधू पावलर वरदराजन कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारात गावोगाव गात. कोवळ्या वयातला धाकटा भाऊ त्यांच्यामागे पेटी घेऊन फिरला. आपल्या वाचकांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे जलशांच्या फडांत अशीच पोरे तयार झाली. फरक एवढाच की आपली बहुतेक पोरे फडातच राहिली आणि हा मुलगा मद्रासला गेला. धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीताची लिपी शिकला, जी. के. व्यंकटेश यांच्याकडे साहाय्यक म्हणून राबला. १९७६ साली पंचू अरुणाचलम यांनी 'अन्नक्किळी' चित्रपट दिला आणि 'इलया', म्हणजे तरुण, हा शब्द राजाच्या नावापुढे लावला. पुढे हजारावर चित्रपट झाले. हिंदी ऐकणाऱ्यांना 'सदमा' (१९८३), 'चीनी कम' (२००७) आणि 'पा' (२००९) यांतून ते ठाऊक आहेत. ८ मार्च २०२५ रोजी लंडनमध्ये त्यांची 'व्हॅलियंट' ही सिंफनी वाजली. तेव्हा त्यांचे वय एक्क्याऐंशी होते.

पण पुरस्कार आणि आकडे मोजत बसण्यापेक्षा 'सिंधू भैरवी' (१९८५) या एका चित्रपटाकडे पाहावे. कर्नाटक संगीतातला एक नामांकित गवई तेलुगू कृती गात असतो, आणि सभेतली एक मुलगी उठून विचारते की लोकांना कळेल असे तामिळमध्ये का गात नाही? आव्हान दिल्यावर ती स्वतः लोकगीत गाते, आणि ते लोकगीत चालता चालता त्यागराजांच्या एका प्रसिद्ध कृतीत जाऊन मिळते. ही कृती परंपरेने कांभोजी रागात गायली जाते. इलयाराजांनी ती सारमतीत बसवली. सनातनी रसिकांना ते झोंबले. मद्रासच्या सभागृहांतले संगीत कोणाच्या ताब्यात होते आणि पहिल्या रांगेत कोण बसत होते, हे जगजाहीर आहे. तिथे कोणाला बोलावणे आले नसते अशा घरातल्या माणसाने त्यांच्या देव्हाऱ्यातली कृती उचलून शेतातल्या गाण्याच्या शेजारी ठेवली. शेतातले गाणे वर चढून रागापर्यंत गेले, त्यासाठी रागाला खाली उतरावे लागले नाही. हे दोन्ही एकाच मातीतले आहेत, हा सिद्धांत त्यांनी भाषण न करता मांडला. आमच्या लेखी जातीच्या उतरंडीवर हा मोठा घाव आहे, मग करणाऱ्याने तो त्या हेतूने केला असो वा नसो.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०२२ मध्ये बाबासाहेब आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची तुलना करणाऱ्या एका इंग्रजी पुस्तकाला इलयाराजांनी प्रस्तावना लिहिली. दोघेही प्रतिकूलतेतून वर आले, दोघांनाही सामाजिक व्यवस्थेचा अनुभव आहे, मोदींची कामे पाहून बाबासाहेबांना अभिमान वाटला असता, असा तिचा आशय होता. गदारोळ झाला. त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. जुलैत राज्यसभेवर त्यांची राष्ट्रपती-नियुक्त सदस्य म्हणून निवड झाली. या दोन गोष्टींचा संबंध आम्ही सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसा आरोप करत नाही. पण प्रस्तावना चुकीची होती, हे सांगायला पुराव्याची गरज नाही. हिंदू कोड बिल रखडवले म्हणून १९५१ मध्ये ज्यांनी मंत्रिपद सोडले, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत उभे राहून ज्यांनी राजकारणातली व्यक्तिभक्ती हुकूमशाहीकडे नेते असे बजावले, त्यांच्याच नावाने एका सत्ताधाऱ्याची आरती? इलयाराजा शैव भक्त आहेत. तो त्यांचा अधिकार आहे. पण भक्तीची सवय राजकारणात आणू नका, एवढेच तर बाबासाहेब सांगत होते.

मात्र तेव्हा त्यांच्यावर तुटून पडलेल्यांपैकी काहींनी प्रस्तावनेची चिकित्सा करण्याऐवजी त्यांची जात काढली. २०१८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले तेव्हा एका इंग्रजी दैनिकाने, यातून सरकारने दलितांना हाक दिली, अशा अर्थाची ओळ छापली होती. चाळीस वर्षांचे संगीत एका ओळीत पुसले गेले. स्वतःला 'दलित संगीतकार' म्हणवून घेणे इलयाराजा का टाळत आले, याचे उत्तर कदाचित त्या ओळीत आहे. आम्हाला त्यांचे टाळणे आवडत नाही, पण ते समजते.

डिसेंबर २०२४ मध्ये श्रीविल्लिपुत्तूरच्या आंडाळ मंदिरात ते अर्धमंडपापर्यंत गेले आणि त्यांना मागे यायला सांगितले गेले. तिथे पुजारी आणि जीयर यांच्याशिवाय कोणालाच प्रवेश नाही, असा खुलासा प्रशासनाने केला. इलयाराजांनीही ही अफवा असल्याचे सांगितले, आपण स्वाभिमानाशी तडजोड करणारे नाही असेही म्हटले. त्यांचा शब्द आम्ही मानतो. पण पुजारी कोण होऊ शकतो, हा प्रश्न 'कोणालाच नाही' या उत्तराने सुटत नाही. काळाराम मंदिराच्या दारात पाच वर्षे झगडलेल्या बापाची लेकरे आपण, आपल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

आमचा पेशा वकिलीचा, म्हणून त्यांच्या कोर्टकज्ज्यांबद्दलही बोलतो. २०१७ मध्ये त्यांनी जिवलग मित्र एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना परवानगीविना गाणी गाऊ नका अशी नोटीस पाठवली, २०२४ मध्ये 'मंजुम्मेल बॉइज'च्या निर्मात्यांना. म्हातारा लोभी झाला, असे सर्रास बोलले गेले. लोभ असेलही. पण कायदा पाहा. १९५७ च्या कायद्यातील कलम १७ आणि १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे पैसे मोजणारा निर्माता चित्रपटगीताचा पहिला मालक ठरू लागला. २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणार नाही असे ठरवले, पण जुनी गाणी वादातच राहिली. मद्रास उच्च न्यायालयात एप्रिल २०२४ मध्ये इलयाराजांच्या वकिलांनी ते सर्वांच्या वर आहेत असे म्हटले, तेव्हा तसे म्हणण्याचा मान कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीलाच आहे, असे न्यायपीठाने सुनावले. न्यायालयाचा आदर राखून आम्हाला वाटते, तुलना त्रिमूर्तीशीच का व्हावी? आणि इलयाराजांनाही विचारावेसे वाटते की गाणे एकट्या चालीचे असते काय? गीतकाराचा आणि गायकाचा वाटाही कायद्यात आहे.

आम्हाला हा विषय जवळचा वाटण्याचे कारण दुसरेच. काही वर्षांपूर्वी एका दिवंगत भीमशाहिराच्या पत्नी आमच्या कार्यालयात आल्या. पिशवीत एका कॅसेट कंपनीचा एक पानी कागद होता. बारा गाणी, एक ठोक रक्कम, खाली सही. ती गाणी आजही दर १४ एप्रिलला मिरवणुकीत वाजतात. त्या माउलीने त्यानंतर एक पैसा पाहिला नव्हता. आम्ही कागद उलटसुलट करून पाहिला, मुदत कुठेच लिहिली नव्हती. मे १९९५ नंतरच्या करारात मुदत नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचेच धरले जाते, त्यानंतर हक्क परत येतो. कॅसेटचे गाणे चित्रपटाच्या नियमात येत नाही, त्यामुळे गीत लिहिणारा आणि चाल बांधणारा हेच, कुणाच्या नोकरीत नसतील तर, पहिले मालक. हा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेर जिवंत आहे, तो आज कोणाकडे आहे हे ज्याने त्याने तपासावे.

तेव्हा ज्यांच्या घरात शाहीर, कव्वाल, गायक होऊन गेले त्यांनी जुने करार, पावत्या, कॅसेटची वेष्टने रद्दीत देऊ नयेत. तारीख मे १९९५ च्या आधीची की नंतरची, आणि मुदत लिहिली आहे की नाही, एवढे आधी पाहावे. नुसत्या तोंडी बोलीवर गाणी दिली असतील तर ते हस्तांतरच नव्हे, कारण त्याला लेखी सही लागते. कागद घेऊन आमच्याकडे या, वाचून देण्याचे आम्ही काही घेत नाही.