कायम ठेव खरोखर कायम राहते काय?

आई-वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ जेवणावळीऐवजी गरजू मुलांसाठी शिष्यवृत्ती ठेवावी, असे आम्हाला वाटते. त्यासाठी काही कुटुंबे छोटा न्यास काढतात, रक्कम बँकेत ठेवतात आणि व्याज वाटतात. हेतू उत्तम आहे. पण ही ठेव वर्षानुवर्षे पुरते काय?

समजा, १९९५ साली एका न्यासाने एक लाख रुपये मुदत ठेवीत ठेवले. तेव्हा व्याजदर १२ टक्क्यांच्या आसपास होता. वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे हजाराच्या बारा शिष्यवृत्त्या. पुढे दर उतरले. ७ टक्क्यांनी ७,०००च येतात. बारा मुलांची सात झाली. शिवाय त्या हजारात पूर्वीइतकी पुस्तके येत नाहीत. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर भाव १२ वर्षांत दुप्पट आणि २४ वर्षांत चौपट होतात. ताळेबंदात मात्र लाखाचा आकडा जसाच्या तसा!

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथात रुपयाच्या क्रयशक्तीच्या स्थैर्यावर भर दिला होता. आपल्या ठेवीलाही तीच कसोटी लावली पाहिजे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार हिशेब तपासून घ्यावे लागतात. पण पैसा योग्य ठिकाणी गेला काय, एवढेच ऑडिटर पाहतो. तो पुरेल काय, हे विश्वस्तांनीच पाहावयाचे असते.

मग करावे काय? आयकराच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा ८५ टक्के भाग हेतूवर खर्च करावा लागतो. उरलेले १५ टक्के दरवर्षी मूळ ठेवीत घालावेत. एवढ्याने महागाई भरून निघणार नाही. म्हणून शिष्यवृत्ती घेऊन नोकरीस लागलेल्यांकडे हक्काने देणगी मागावी. ती कायम निधीसाठी की चालू खर्चासाठी, हे देणगीदाराकडून लेखी घ्यावे.

आणखी एक. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. पुन्हा जाण्यास १९२० साल उजाडले. तेव्हा विश्वस्तांनो, नवी नावे घेण्याआधी, आज शिकत असलेल्या मुलामुलींची शेवटच्या वर्षापर्यंतची तरतूद करा. बारा मुलांना एक वर्ष मदत करण्यापेक्षा चौघांना पदवीपर्यंत नेणे, आमच्या मते, अधिक मोलाचे आहे.