सुटका झाली, मग पुढे?

कायद्याच्या लेखी मी या वर्षी खरी मोठी झाले. अठराव्या वर्षी मतदानकार्ड आलं ते सोडा. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात कलम ६ आहे. ते म्हणतं की एकवीस वर्षांखालचा कुणी दोषी ठरला, आणि गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसला, तर न्यायालयाने त्याला शक्यतो तुरुंगात पाठवू नये. पाठवायचंच असेल तर कारणं लिहून ठेवावीत, आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. म्हणजे गेल्या वर्षी मी काही उपद्व्याप केला असता, तर माझ्या घरी एक अधिकारी आला असता, आईशी बोलला असता, शेजाऱ्यांना विचारलं असतं. आता मला एकवीस पूर्ण झाली, ती सवलत गेली.

'परिवीक्षा' हा शब्द आपल्यातल्या बहुतेकांना नोकरीतल्या 'प्रोबेशन'मुळेच माहीत असतो: सहा महिने नीट वागा, मग कायम करू. न्यायालयातली परिवीक्षा सुरू झाली ती एका चांभारामुळे. बॉस्टनचा जॉन ऑगस्टस १८४१ मध्ये कोर्टात गेला आणि एका दारुड्याला स्वतःच्या हमीवर सोडवून घेऊन आला. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीत, नीट कपड्यांत न्यायाधीशापुढे उभा राहिला आणि त्याला एक सेंट दंड झाला. ऑगस्टसने पुढे १८५९ मध्ये मरेपर्यंत हेच केलं. ना पगार, ना पद. सगळी व्यवस्था नंतर आली, आधी माणूस आला.

आपल्याकडे व्यवस्था आहे. घोटाळा असा की आपल्या कायद्यातला परिवीक्षा अधिकारी भेटतो तो तुरुंगात न गेलेल्याला. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटलेल्या माणसावर तो देखरेख ठेवतो, त्याला काम मिळावं म्हणून खटपट करतो. आणि जो आत गेला, चार वर्षं काढून बाहेर आला? त्याच्यासाठी या कायद्यात नाव घेऊन कुणी नेमलेलं नाही. इंग्लंडमध्ये हेच खातं तुरुंगातल्या माणसाशी सुटकेच्या आधीपासून बोलू लागतं आणि बाहेर आल्यावर त्याच्या मागे राहतं. तिथेही सगळं आलबेल नाही. २०१४ मध्ये त्या कामाचा मोठा भाग खासगी कंपन्यांना दिला, आणि २०२१ मध्ये तो परत सरकारने स्वतःकडे घेतला. पण एक गोष्ट मला फार आवडली. २०२३ मध्ये तिथे एक छोटा कायदा झाला, की शुक्रवारी सुटणाऱ्याला एक-दोन दिवस आधी सोडता यावं. का, तर शनिवार-रविवारी कचेऱ्या बंद, मग तो माणूस जाणार कुठे? सुटकेचा वार कुठला, एवढ्यावर संसदेत चर्चा झाली.

आता नवागामात या. मुंबईच्या हॉस्टेलमधून सुट्टीला घरी आले की उधना स्टेशनपासूनच मराठी सुरू होते, आणि त्याहून जास्त अहिराणी. धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेल्या माणसांनी नवागाम, डिंडोली, लिंबायत भरलंय. कुणी लूमवर बारा तासांची पाळी करतं, कुणी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, बायका घरी साड्यांना टिक्या लावतात. खोली भाड्याची, काम हजेरीचं, रेशनकार्ड बऱ्याचदा गावाकडचं. इथला माणूस तुरुंगात गेला की पहिल्या महिन्यात हजेरी जाते, तिसऱ्या महिन्यात खोली. बायको-पोरं गाडीत बसून खान्देशात परततात. तो सुटतो तेव्हा ज्या पत्त्यावरून त्याला नेलं, त्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब असतं.

आमच्या सोसायटीत असाच एक दादा आहे. गुन्हा काय, कुठल्या तुरुंगात होता, ते मी सांगत नाही. त्याच्या आईला आम्ही मावशी म्हणतो. तो सुटला तो दिवस कुणालाच नीट माहीत नव्हता, तो बस बदलत बदलत एकटाच आला. मावशी तोवर मुलीकडे राहायला गेली होती. जावयाचं म्हणणं, इथे नको. नवीन खोली घ्यायची तर घरमालक भाडेकरूची पोलिसांत नोंद करतो, आणि नोंद म्हटलं की याच्या पोटात गोळा. मोबाइल नंबर बंद पडलेला, आधारला तोच जोडलेला, बँकेचं खातं त्याच आधारवर. तीन आठवडे तो एका मित्राच्या लूमच्या खात्यात, मशीनच्या मागे झोपला. मावशी मला म्हणाली, "कोर्टात वकील होता गं, आत शिपाई होते, बाहेर कोणीच नाही." हा दादा चांगला की वाईट, मला ठरवायचं नाही. त्याला गेल्या वर्षी कुणीतरी आत जाऊन एवढं विचारायला हवं होतं, की बाहेर आल्यावर झोपणार कुठे?

इथे लगेच कुणीतरी म्हणेल (आमच्या गल्लीत म्हणतातच) की सज्जन माणसाला काम मिळत नाही आणि चोराला सरकारने शोधून द्यायचं? प्रश्न खोटा नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला तर कुणी विचारतही नाही. पण याच कायद्यात कलम ५ आहे, नुकसानभरपाईचं. आणि ती भरपाई द्यायला गुन्हेगाराला मदत करणं हेही परिवीक्षा अधिकाऱ्याचं काम म्हणून लिहिलंय. ज्याच्या हाताला काम नाही तो भरपाई कुठून देणार? मशीनमागे झोपणारा माणूस पुढच्या महिन्यात काय करेल, याची काळजी त्याच्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांना जास्त असायला हवी.

आपल्या तुरुंगांत नुसता अंधारच आहे असंही नाही. आमच्या सुरतेचं मध्यवर्ती कारागृह सचिनच्या पुढे लाजपोरला आहे, तिथे कैदी हिऱ्यांना पैलू पाडायचं काम करतात. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचं ब्रीदवाक्यच 'सुधारणा व पुनर्वसन' आहे. आणि सुटकेआधी माणसाला बाहेरच्या जगाची सवय व्हावी ही कल्पना तर मराठी मुलुखात फार आधी करून पाहिलेली. १९३९ साली औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. बिनभिंतींची वसाहत, कैदी शेती करतात, कुटुंबं सोबत राहतात. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'मागे हेच स्वतंत्रपूर आहे. सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला. तशा वसाहती किती वाढल्या, हा प्रश्न आपण विचारला नाही.

अडतं कुठे, ते साध्या कारभारात दिसतं. तुरुंग गृहखात्याकडे. महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाचा, गुजरातेत ते काम समाज सुरक्षा खात्याचं. फर्लो, म्हणजे संचित रजा, मागितली तर पोलिसांचा अहवाल मागवतात. पोलीस काय पाहणार, तर शांतता बिघडेल का. खोली आहे का, बायको बोलते का, हे पाहायचं शिक्षण ज्याला दिलंय तो दुसऱ्या इमारतीत बसतो. त्यातून आमच्यासारख्यांचं आणखी एक त्रांगडं. आत सुरतेत, घर शहाद्याला. मधे नवापूर, जिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. रजेचे १९५९ चे मुंबई नियम दोन्ही राज्यांनी १९६० नंतरही चालवले, मूळ नियम एकच. पण सुरतेच्या अधिकाऱ्याने नंदुरबारच्या अधिकाऱ्याला 'हा माणूस पुढच्या महिन्यात येतोय' असं पत्र पाठवावं, अशी ठरलेली वाट नाही.

शिवाय बहुतेकांना शिक्षा झालेलीच नसते. २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० बंदी होते, त्यात ४,३४,३०२ कच्चे कैदी. शंभरात पंचाहत्तर. परिवीक्षा दोषी ठरलेल्यासाठी, म्हणून हे सगळे बाहेरच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच आरोप आलेल्या कच्च्या कैद्याला, काही अपवाद सोडून, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर जामिनाची वाट करून दिली. चांगलंच झालं. पण दोन वर्षं आत काढून, दोषी न ठरता जो बाहेर येतो, त्याची खोलीही गेलेलीच असते.

मग करायचं काय? मला वाटतं नवा कायदा नको, जुनाच नीट वाचावा. परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्यं सांगणाऱ्या कलम १४ मध्ये शेवटी एक ओळ आहे: नियमांनी ठरवून दिलेली इतर कामं. नियम राज्य सरकार करतं, केंद्राची मान्यता घेऊन. त्या ओळीखाली लिहा, की सुटकेच्या सहा महिने आधी अधिकाऱ्याने आत जाऊन भेटावं, घरी जाऊन यावं, आणि सुटल्यावर वर्षभर ज्याला फोन करता येईल असा एक माणूस असावा. कच्च्या कैद्यांसाठीही. देखरेख म्हणून नव्हे, ज्याला हवी त्याला मदत म्हणून. अर्थात त्यासाठी माणसं नेमावी लागतील. आज जे अधिकारी आहेत त्यांच्या डोक्यावर बालन्यायाचं काम आधीच आहे. हे जमू शकतं हे 'प्रयास'ने दाखवलंय. टाटा समाजविज्ञान संस्थेचा हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत चालतो. समाजकार्य शिकलेली माणसं तुरुंगात, कोर्टात, पोलीस ठाण्यात बसतात, सुटलेल्यांना एखाद्या संस्थेत मानधनावर काम शिकायला लावून देतात. पण एका संस्थेने सगळ्या देशाचं ओझं उचलायचं का?

आम्हा कॅथलिकांनाही थोडं बोलते. कैद्याला भेटणं हे दयेचं कृत्य, असं आम्ही कॅटेकिझमच्या वर्गात पाठ करतो. नाताळ आला की पॅरिशची मंडळी केक, गिटार आणि कॅरल्स घेऊन तुरुंगात जातात. जावंच. मला फक्त फेब्रुवारीची काळजी आहे. त्या दुपारी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी फेब्रुवारीत सुटणार असतो, आणि तेव्हा आपल्याकडे ना त्याचं नाव असतं, ना त्याच्याकडे आपला नंबर.

एनएसएसला वर्षाला १२० तास भरायचे असतात. आपल्यातले कितीतरी ते झाडं लावण्यात आणि फोटो काढण्यात घालवतात. त्यातले वीस तास परिवीक्षा अधिकाऱ्याच्या हाताखाली द्यावेत: आधारचा नंबर बदलणं, रेशनकार्डावर नाव परत चढवणं, बँकेची केवायसी. हे मी आईला सांगितलं. ती आधी म्हणाली, "मुलींना पाठवणार तिथे?" मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "मावशीच्या पोराचं रेशनकार्ड अजून तसंच आहे. सोमवारी मामलतदार कचेरीत जाऊन ये त्याच्याबरोबर. भाडेकरार लागेल, तो आहे का विचार आधी."