आकडा नाही, म्हणून आजार नाही

संसदेतील काही उत्तरे अशी असतात, की मंत्री बदलले तरी ती बदलत नाहीत. प्रदूषणामुळे देशात किती माणसे मरतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकीच एक. मृत्यू केवळ प्रदूषणामुळेच झाला असा थेट संबंध प्रस्थापित करणारी निर्णायक आकडेवारी उपलब्ध नाही, असे सरकारतर्फे सांगितले जाते आणि सभागृह पुढच्या प्रश्नाकडे वळते. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी तर प्रदूषणाने आयुर्मान घटते असे कोणत्याही भारतीय अभ्यासातून दिसलेले नाही, असे लोकसभेत सांगितले होते. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१८ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. २०१७ या एका वर्षात १२.४ लाख मृत्यूंचा संबंध दूषित हवेशी जोडता येतो आणि हे प्रदूषण किमान पातळीवर असते तर भारतीयांचे सरासरी आयुर्मान १.७ वर्षांनी अधिक असते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे २०१९ सालासाठी हाच आकडा १६.७ लाखांवर गेला. ही परिषद परदेशी नाही; ती केंद्राच्याच आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. एका मंत्रालयाच्या संस्थेने जे मोजले, ते दुसऱ्या मंत्रालयाला दिसू नये, यातच या प्रश्नाचे सारे राजकारण सामावले आहे.

अर्थात, सरकारी उत्तर तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘प्रदूषण’ असे कारण कोणी लिहीत नाही. माणूस हृदयविकाराने जातो, पक्षाघाताने जातो, दम्याने किंवा काविळीने जातो. पण दाखल्यावरील त्या शब्दामागे कोणते पाणी आणि कोणती हवा उभी आहे, हे दिल्लीतील फायलींतून कळत नाही. त्यासाठी झाशीच्या लक्ष्मी गेटपाशी जावे लागते.

गोवा एक्स्प्रेस किंवा झेलम एक्स्प्रेसने गावी निघालेला दिल्लीकर मराठी माणूस दर खेपेस झाशी ओलांडतो. स्थानकाचे नाव २०२१ मध्ये वीरांगना लक्ष्मीबाई असे झाले, तेव्हा त्याचा ऊरही भरून आला असेल. पण स्थानकाबाहेरच्या झाशीत तो क्वचितच उतरतो. जुन्या तटबंदीच्या पूर्वेकडील लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडले की लक्ष्मी तलाव लागतो. त्याच्या काठी नेवाळकरांची कुलस्वामिनी महालक्ष्मी आहे आणि १८५३ मध्ये निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्रीही. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे मराठी वाचकाला ही झाशी घरच्यासारखी ओळखीची. नेवाळकरांच्या सुभेदारीबरोबर इथे आलेल्या घराण्यांचे वंशज आजही शहरात आहेत.

या तलावात वर्षानुवर्षे जुन्या शहराचे नाले येऊन मिळाले. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर जलपर्णी फोफावली. पाण्यातला प्राणवायू घटला. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. झाशी २०१७ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत आली आणि तलावाच्या सुशोभीकरणाची भाषा सुरू झाली. काठ बांधणे, दिवे लावणे, फिरण्यासाठी मार्गिका करणे ही कामे दिसतात. उद्घाटनाला सोयीची असतात. घराघरांतले सांडपाणी जमिनीखालच्या वाहिन्यांत घेऊन ते शुद्ध करणे हे काम दिसत नाही. त्यामुळे ते नेहमीच मागे राहते.

येथे एक युक्तिवाद हमखास केला जातो. तलावाचे पाणी आता कोणी पीत नाही. शहराला बेतवा नदीवरील माताटिला धरणाचे पाणी नळाने येते. मग तलाव घाण झाला तर आरोग्याचे काय बिघडले? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण बुंदेलखंडची भूमी कठीण ग्रॅनाइटची. या खडकातले पाणी भेगांतून वाहते, आणि भेग काही गाळणीचे काम करत नाही. वर मुरलेले सांडपाणी आसपासच्या विहिरींत आणि हातपंपांत उतरू शकते. त्याबरोबर येणारे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेले, तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. नळाचेही तसेच. जिथे पाणी दिवसातून ठरावीक वेळच येते, तिथे उरलेल्या वेळात जलवाहिनीतला दाब जातो आणि गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. धरण कितीही स्वच्छ असले, तरी शेवटच्या दोनशे फुटांत टायफॉइड आणि कावीळ त्यात मिसळू शकते.

हे झाशीपुरते नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीच्या साथीने बळी घेतले, तेव्हा पंचगंगेच्या काठचे सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांतले अंतर किती उरले आहे, हे महाराष्ट्राला कळले. २०२५ च्या आरंभी पुण्यात गुइलेन-बारे सिंड्रोमचे दोनशेच्या आसपास रुग्ण आढळले, आणि संशयाची सुई पुन्हा पाण्याकडेच वळली. दोन्ही वेळा यंत्रणा हलली ती रुग्णालये भरल्यावर.

हवेची कथाही याच वळणाची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या शहरांच्या यादीत झाशीचे नाव आहे. परंतु या कार्यक्रमाचे यश मोजले जाते ते मुख्यत्वे दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीवर. फुप्फुसातून थेट रक्तात उतरणारे अडीच मायक्रॉनचे कण त्या हिशेबात मागे पडतात. परिणामी देशभरात निधीचा मोठा वाटा रस्त्यावरची धूळ बसवण्यात गेला. झाशीच्या परिसरातील खडीच्या क्रशरवर राबणाऱ्या मजुराला याचा उपयोग थोडाच. ग्रॅनाइटच्या धुळीतील सिलिका त्याच्या फुप्फुसात कायमची बसते. सिलिकोसिसची लक्षणे क्षयासारखी. त्यामुळे पुष्कळदा नोंदही क्षयाचीच होते. क्षयाची नोंद झाली की औषध मिळते, पण मालकाचे दायित्व आणि मजुराची भरपाई, दोन्ही कागदावरून पुसली जातात.

आकडेवारी ‘उपलब्ध नाही’ याचा खरा अर्थ इथे उलगडतो. ती निसर्गतः अनुपलब्ध नाही. ती गोळा केली जात नाही. २०२० मध्ये देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. उरलेल्यांचे कारण राज्ययंत्रणेला ठाऊकच नाही. आधी मोजायचे नाही आणि मग मोजमाप नाही म्हणून जबाबदारी नाही, असा हा सोयीस्कर फेरा आहे.

कायद्याची रचनाही त्याला पूरक आहे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि १९८१ चा वायुप्रदूषण कायदा यांनी मंडळे निर्माण केली; पण राज्य मंडळावर आरोग्य खात्याचा प्रतिनिधी असलाच पाहिजे, असे बंधन जलकायद्यात घातले नाही. मंडळ पाण्यातला प्राणवायू मोजते, आरोग्य खाते रुग्ण मोजते, आणि दोन्ही नोंदवह्या एका टेबलावर क्वचितच येतात. त्यात २०२३ चा जनविश्वास कायदा आणि फेब्रुवारी २०२४ मधील जलकायद्याची दुरुस्ती यांनी अनेक अपराधांसाठीचा तुरुंगवास काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. जलकायद्यातील दुरुस्ती इतर राज्यांत त्यांच्या विधिमंडळांच्या ठरावानेच लागू होते, हे खरे. छोट्या चुकीसाठी उद्योजकाला तुरुंग नको, हा सरकारचा युक्तिवादही अगदीच टाकाऊ नाही. जुन्या कायद्यांनी फारसे कोणाला तुरुंगात धाडलेही नव्हते. पण दंड ठरवताना हानी मोजावी लागते, आणि माणसाच्या शरीराला झालेली हानी मोजण्याची व्यवस्थाच उभी नाही.

स्वच्छ पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटले आहे. त्या हक्काला अर्थ द्यायचा, तर नवा कायदा लागत नाही. प्रभागवार कावीळ, टायफॉइड आणि श्वसनविकारांचे आकडे त्याच प्रभागातील पाण्या-हवेच्या चाचण्यांशेजारी दरमहा जाहीर करण्याचे बंधन पुरेसे आहे. प्रदूषण मंडळाच्या बैठकीत आरोग्याधिकाऱ्याची एक खुर्ची, आणि क्रशरवरील क्षयरुग्णाची सिलिकोसिससाठी सक्तीची तपासणी, एवढे तरी आजच्या चौकटीत शक्य आहे. या वाचकांपैकी अनेकजण अशा फायलींवर टिपणी लिहिणारेच आहेत.

लक्ष्मी गेटबाहेरच्या तलावावर दिवे लागतील, पर्यटकही येतील. मात्र जुन्या शहरातल्या एखाद्या घरात काविळीने मूल गेले, तर त्याची नोंद त्या तलावाच्या नावावर होणार नाही. आणि दिल्लीत पुन्हा कोणी खासदार प्रश्न विचारील, तेव्हा उत्तर तयारच असेल.