जात : कल्पना की वतन?

जातीचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांमध्ये एक जुना वाद आहे. जात मूलतः मनात राहते की शेतात? शुद्ध-अशुद्धाच्या धार्मिक कल्पनेतून ती उपजली व टिकली, की जमीन, श्रम आणि सत्ता यांच्या वाटणीतून? हा वाद ग्रंथालयांत चालतो म्हणून कार्यकर्त्यांनी त्याकडे पाठ फिरवावी हे योग्य नव्हे. व्याधीचे निदान जसे होते तसाच उपचार केला जातो. मूळ केवळ मनात असेल तर प्रबोधनाने भागावे. मूळ केवळ जमिनीत असेल तर जमिनीच्या फेरवाटपाने. महाराष्ट्रात प्रबोधनाची परंपरा दीडशे वर्षांची आहे आणि जमिनीचे कायदेही झाले. तरीही जात शिल्लक आहे. तेव्हा निदानातच काही राहून गेले असले पाहिजे.

ते काय राहिले हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव या स्थानकांच्या मध्ये खुटबाव हे गाव आहे. खडकवासल्याच्या कालव्याने ज्या दौंड तालुक्याचे रूप पालटले, त्या तालुक्यातले हे गाव. अलीकडच्या यवतला तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. पलीकडच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारले. उत्तरेला भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. तेथील जातेगाव बुद्रुक या गावाच्या जमिनीचा व कर्जाचा बारकाईने केलेला अभ्यास हॅरल्ड मान आणि ना. वि. कानिटकर यांनी १९२१ साली प्रसिद्ध केला. दक्षिणेला जेजुरी आहे. तिच्या खंडोबाचा शोध रा. चिं. ढेरे आणि ग्युंथर सोन्थायमर यांनी आयुष्यभर घेतला. जातीविषयीचे आणि हिंदू धर्माविषयीचे बहुतेक मोठे सिद्धान्त या एवढ्याशा टापूत पारखून घेता येतात.

पौरोहित्याचा हक्क

सिद्धान्तांपैकी सर्वांत प्रभावी ठरला तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ लुई द्युमाँ यांचा. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होमो हायरार्किकस’ या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, शुद्ध आणि अशुद्ध यांतील विरोध हाच जातिव्यवस्थेचा गाभा होय. ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व सत्तेवर वा संपत्तीवर अवलंबून नसते. राजा बलवान असला तरी दर्जाने पुरोहिताच्या खालीच राहतो. या मांडणीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. जात म्हणजे सुट्या सुट्या टोळ्यांचा समूह नसून ती एक संपूर्ण रचना आहे, तिच्यात प्रत्येक जात दुसरीच्या संदर्भातच उच्च वा नीच ठरते, हे द्युमाँ यांनी स्पष्ट केले. विटाळाची भावनाही खोटी नव्हे. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले गेले त्याला ती विद्वानांनी शिकवावी लागत नाही.

परंतु पुरोहिताचे श्रेष्ठत्व सत्तेपासून अलिप्त असते, हे या सिद्धान्ताचे दुसरे अंग पुणे जिल्ह्याच्या मातीत टिकत नाही. गावचा ग्रामजोशी केवळ मंत्र सांगणारा ब्राह्मण नव्हता. तो वतनदार होता. गावातील लग्ने लावणे हा त्याचा वंशपरंपरागत हक्क होता आणि यजमानाने दुसरा पुरोहित बोलावला तरी ग्रामजोशाला आपली दक्षिणा मागता येत असे. इंग्रजी न्यायालयांनीही हा हक्क मालमत्तेचा हक्क म्हणून मान्य केला. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि ब्राह्मण पुरोहितावाचून लग्ने लागू लागली, तेव्हा भांडण धर्मशास्त्राच्या सभेत गेले नाही. ते दिवाणी न्यायालयात गेले. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या सत्यशोधकांवर ग्रामजोशांनी हक्कासाठी फिर्याद केली आणि तो लढा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचला. अखेर सी. के. बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई कायदेमंडळाला १९२६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्याची सेवा घेतलीच नाही त्या पुरोहिताला दक्षिणा मागता येणार नाही, एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी कायदा लागला, यातच या प्रश्नाचे मर्म आहे. ज्या श्रद्धेच्या वसुलीसाठी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, तिला निव्वळ श्रद्धा कोण म्हणेल?

महारवतनाची गोष्ट याच नाण्याची दुसरी बाजू होय. जोशाला मानासह मिळकत होती. महाराला अपमानासह तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते होते. मेलेले जनावर ओढणे, सांगावा पोचवणे, सरकारी अंमलदाराच्या दिमतीस राहणे, या कामांना वेळेची मर्यादा नव्हती. त्याच्या श्रमाला अशुद्ध ठरवल्यामुळे तो स्वस्तात मिळत होता, आणि तो स्वस्तात राबत राहावा म्हणून अशुद्धता राखली जात होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली या वतनाविरुद्ध विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. विटाळ आणि वेठ यांची अशी गाठ बसलेली असताना एकीला धर्म आणि दुसरीला अर्थकारण म्हणणे ही केवळ अभ्यासकाची सोय आहे.

अलीकडे वादाला आणखी एक वळण मिळाले आहे. आज दिसते ती जात मुख्यत्वे इंग्रजी राज्याने घडवली, असे निकोलस डर्क्स यांच्यासारखे अभ्यासक मांडतात. जनगणनेने जातींच्या याद्या गोठवल्या, यात तथ्य आहे. परंतु या मताचा आधार घेऊन इंग्रजपूर्व समाज निर्दोष होता असे सुचवणाऱ्यांनी जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांचा पेशवाईतील जाती आणि राज्यसंस्था यांविषयीचा १९६८ सालचा निबंध वाचावा. मराठी दफ्तरांच्या आधारे त्यांनी दाखवून दिले की, जातीतून बहिष्कृत करणे, पुन्हा जातीत घेणे, प्रत्येक जातीला तिच्या पायरीवर ठेवणे, या कामी सरकार स्वतः हस्तक्षेप करीत असे. जात आपोआप चालत नव्हती. ती चालवली जात होती. इंग्रजांनी हे यंत्र शोधले नाही, ते चालू स्थितीत ताब्यात घेतले.

अभ्यासाचेही वतन

जे पूजेच्या हक्काचे तेच धर्माच्या अभ्यासाच्या हक्काचे. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. शूद्राने वेद ऐकू नये आणि स्त्रीने शास्त्र शिकू नये, या नियमाने ज्ञानाचेही वतन केले होते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, तेव्हा त्यांना पंडितांच्या सभेपुढे त्याचे समर्थन करावे लागले. त्यांची कन्या रमाबाई हिला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. त्याच रमाबाईंनी १८८७ साली ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हा ग्रंथ लिहून बालविवाह आणि वैधव्य यांचे वास्तव जगापुढे ठेवले, तेव्हा मात्र गौरवाची जागा टीकेने घेतली. १८८३ सालच्या त्यांच्या धर्मांतरामुळे तर त्यांचे सारे म्हणणेच बाद ठरवण्याची सोय झाली. फुले यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. धर्म सोडणाऱ्या स्त्रीला दोष देण्यापूर्वी त्या धर्माने तिला काय दिले हे विचारले पाहिजे, ही ती भूमिका होती.

रमाबाईंचे सर्वच निष्कर्ष मान्य केले पाहिजेत असे नव्हे. परंतु जो प्रश्न त्यांनी विचारला तो त्यांच्या धर्मांतराने खोटा ठरत नाही. १८९६-९७च्या दुष्काळानंतर केडगावला त्यांनी आश्रय दिलेल्या मुली आणि विधवा शेती करीत, कापड विणीत, छापखान्यात खिळे जुळवीत. शास्त्राने ज्यांना अशुभ ठरवले त्यांचे हात समाजाला उपयोगी पडू शकतात, हे तेथे सिद्ध झाले. खुटबावहून एका स्थानकावर घडलेले हे काम हिंदू धर्माच्या अभ्यासाच्या इतिहासातलेच एक प्रकरण आहे. धर्मप्रसाराचे म्हणून ते वेगळे काढून ठेवता येणार नाही.

आणि येथेच वादाच्या दोन्ही पक्षांकडून राहून गेलेली गोष्ट सापडते. ती म्हणजे स्त्री. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीच्या बाहेर लग्न न होऊ देणे हाच जातीचा गाभा मानला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या बंदीच्या रक्षणासाठी निर्माण झाल्या, हे त्यांचे प्रतिपादन. रमाबाईंनी जे दुःख म्हणून मांडले, त्याची यंत्रणा आंबेडकरांनी उलगडली. जमीन जातीत राहावी म्हणून मुलगी जातीत राहावी लागते, आणि मुलगी जातीत राहावी म्हणून तिच्या शुद्धतेचे स्तोत्र गावे लागते. शुद्धाशुद्धता आणि मालमत्ता यांचा सांधा विवाहात आहे.

वारीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इरावती कर्वे ज्ञानदेवांच्या पालखीबरोबर चालल्या, तेव्हा त्यांना दिसले की एकच अभंग एका सुरात गाणारे ब्राह्मण आणि मराठे वारकरी जेवायला मात्र वेगवेगळे बसतात. भक्तीने स्वर एक केला, पंगत एक केली नाही. आज पंगत पुष्कळ ठिकाणी एक झाली आहे. सोयरीक झालेली नाही. जेजुरीचा खंडोबा या बाबतीत भक्तांपेक्षा धीट निघाला. परंपरेप्रमाणे त्याची एक पत्नी म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि दुसरी बाणाई धनगराची. भंडारा उधळून या देवाचे लग्न साजरे करणारा गाव आपल्याच मुलीने जात ओलांडली की भावकीची बैठक बोलावतो.

निदानानंतर

डाव्या चळवळीनेही येथे आपला हिशेब तपासला पाहिजे. पाया बदलला की इमला आपोआप बदलेल, हा समज दीर्घकाळ जोपासला गेला. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कूळ जमिनीचा मालक मानला गेला, वतने गेली, बलुते मोडले, कालव्याने ऊस आला. पाया पुष्कळ हलला. परंतु जमीन मिळाली ती मुख्यत्वे कसणाऱ्या कुळांना, आणि ज्याच्याजवळ कुळाचाही हक्क नव्हता तो शेतमजूर मजूरच राहिला. विवाहाच्या चौकटीला तर कोणत्याही जमीनकायद्याने हात लावला नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी ही उणीव ओळखली होती. आंतरजातीय विवाह ही सरकारी नोकरीसाठी पात्रता मानावी, ही त्यांची सूचना अनेकांना विक्षिप्त वाटली. वस्तुतः जातीच्या नेमक्या सांध्यावर ठेवलेले ते बोट होते.

वतन मोडता येते, हा धडाही महाराष्ट्रानेच दिला आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले, तेव्हा दार उघडले. पूजेचा वंशपरंपरागत हक्क मात्र बडवे-उत्पातांकडेच राहिला. तो संपवणारा कायदा १९७३ साली झाला आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय येण्यास २०१४ साल उजाडले. त्यानंतर मंदिर समितीने पूजेसाठी जात व लिंग न पाहता उमेदवार बोलावले. विठ्ठल कोपला नाही, वारी ओस पडली नाही. दर्शनाचा हक्क आणि व्यवस्थेचा हक्क या दोहोंत सदुसष्ट वर्षांचे अंतर पडले, हे मात्र विसरता कामा नये. देवाचे दार उघडणे सोपे गेले. दानपेटीचे कुलूप काढणे अवघड गेले.

म्हणून खुटबावसारख्या गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याने या वादातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. जात श्रद्धेत आहे की जमिनीत, या प्रश्नात त्याने अडकू नये. दोहोंचा सांधा आपल्या गावात कोठे आहे ते शोधावे. देवस्थानची इनाम जमीन कोण कसतो, यात्रेचा मान कोणत्या घराण्यांकडे आहे आणि यात्रा समितीवर कोण नाही, ऊसतोडीला कोण जातो, स्मशानभूमी एक आहे की अनेक, जातीबाहेर लग्न केलेले जोडपे गावात राहू शकते की नाही, याची नोंद त्याने करावी. ही नोंद म्हणजेच जातीचा खरा शास्त्रीय अभ्यास. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१७ पासून अमलात आहे. परंतु बहिष्कृत कुटुंबाच्या पाठीशी चार माणसे उभी राहिल्याशिवाय तक्रार लिहिली जात नाही.

हे काम निरुपद्रवी नाही. अंधश्रद्धेविरुद्ध आणि जातपंचायतींविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. धर्माची चिकित्सा ही केवळ पंडितांची करमणूक असती तर तिच्यासाठी कोणाला प्राण द्यावा लागला नसता. जोशीवतन १९२६ साली गेले, महारवतन १९५८च्या कायद्याने गेले, पंढरीचे वतन २०१४ साली गेले. विवाहातले वतन अद्याप शाबूत आहे, आणि ते कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नसल्यामुळे त्याविरुद्धचा लढा घराच्या उंबरठ्याच्या आत, कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घरापासून, सुरू करावा लागणार आहे.