पहिली गाडी: हौद्याची घ्यायची की सीटची?



"सर, धंद्यासाठी गाडी घ्यायची आहे. पिकअप घेऊ की बोलेरो? का थोडं जास्त कर्ज काढून स्कॉर्पिओच घेऊ?" शाहूवाडी तालुक्यातून हा प्रश्न नेहमी येतो. मलकापूर, बांबवडे, सरूड, करंजफेण, गाव कुठलंही असो, प्रश्न तोच. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे निवांत लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझं मत सांगतो, मग कारणं. तुम्ही माल विकत असाल, माल बनवत असाल किंवा मालाची ने-आण करणार असाल, तर पहिली चारचाकी हौद्याची घ्या. पिवळ्या पाटीची, व्यावसायिक नोंदणीची. सीटची गाडी दुसरी. आणि "दोन्हीला चालेल" म्हणून पांढऱ्या पाटीची एसयूव्ही घेणं हा मला सगळ्यात महागडा पर्याय वाटतो. दिवसा दुकानाचा माल आणायचा, रविवारी घरच्यांना जोतिबाला न्यायचं, हे ऐकायला छान आहे. पण हप्ता रविवारच्या फेरीतून निघत नाही.

एक उदाहरण धरू. तुमचं बांबवड्यात बिल्डिंग मटेरियलचं दुकान आहे. सिमेंटची पिशवी ५० किलोची. साडेसातशे किलो क्षमतेच्या छोट्या हत्तीत १५ पिशव्या बसतात, १.३ टनाच्या पिकअपमध्ये २६. सात सीटच्या गाडीत मागची सीट दुमडून चार-पाच पिशव्या कोंबाल, वर सिमेंटची धूळ सीटला आणि पशुखाद्याचा वास एसीला. दुधाचं तसंच. ४० लिटरचं कॅन भरलं की ते एकटंच ४५ किलोच्या आसपास जातं. अशी दहा-बारा कॅन रोज पहाटे उचलायची तर फाळका उघडून थेट हौद्यात ठेवता आली पाहिजेत. एसयूव्हीच्या मागच्या दारातून ते काम आठ दिवस करून बघा, कमरेला विचारा.

आता हप्ता. ८ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं: महिन्याला साधारण १७,००० रुपये. तेच कर्ज १४ लाखांचं केलंत तर साधारण २९,७५०. महिन्यात २६ दिवस गाडी चालते असं धरा. पहिल्या गाडीला रोज ६५५ रुपये कमवायचे आहेत, दुसरीला ११४५. हे फक्त हप्त्याचे. डिझेल, टायर, विमा, ड्रायव्हर वेगळे. पिकअप उरलेल्या वेळात शेजारच्या दुकानदाराचा माल मारून त्यातले काही पैसे आणू शकते. पांढऱ्या पाटीची गाडी कायद्याने कुणाचं भाडं मारूच शकत नाही. मारलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते. डाउन पेमेंटला आईचे दागिने किंवा सोसायटीचं कर्ज गेलेलं असतं, त्यामुळे ही जोखीम एकट्या तुमची नसते, घराची असते.

जीएसटी थोडा किचकट आहे, पण वाचाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनची गाडीही १८ टक्क्यांत बसते, म्हणून बोलेरो तिथे येते. स्कॉर्पिओसारख्या मोठ्या एसयूव्हीला ४० टक्के. पण खरा फरक पुढे आहे. तुम्ही नियमित जीएसटी भरणारे असाल, तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं. ८ लाख मूळ किमतीवर ते १ लाख ४४ हजार होतात. माणसं नेणाऱ्या, ड्रायव्हरसकट १३ सीटपर्यंतच्या गाडीवर ते क्रेडिट बंद आहे. प्रवासी वाहतूक हाच धंदा असेल किंवा असे एक-दोन अपवाद सोडले तर. कंपोझिशनमध्ये असाल तर दोन्हीकडे काही मिळत नाही. क्रेडिट घेतलंत तर तेवढ्या रकमेवर घसारा घेता येत नाही, हे सीए सांगेलच.

पिकअपचा तोटाही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर एकाच बाजूने बोलतात. थर्ड पार्टी विमा महाग आहे. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांत साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला वर्षाला १६,०४९ रुपये आहेत. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी कारला ३,४१६, त्यावरच्या कारला ७,८९७. शिवाय फिटनेस. नवीन व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी पासिंग. हा खर्च आणि ते दिवस हिशोबात धरा. लायसनची भीती मात्र सोडा. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. आणि आरसीवर एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, ३००० किलो किंवा कमी असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. शोरूममध्ये रंग बघण्याआधी हा आकडा बघा.

हौद्यात माणसं बसवू नका. लग्नाचं वऱ्हाड, यात्रा, भातलावणीच्या बायका, आपल्याकडे सर्रास चालतं. मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस गेला तर त्याला विम्याचं संरक्षण आहे, फुकट बसलेल्या पाहुण्यांना नाही. पाहुण्यांना नाही म्हणायला जड जातं, मला माहीत आहे. आरसीची झेरॉक्स डॅशबोर्डवर ठेवा आणि तिच्याकडे बोट दाखवा.

आता भरवशाचा विषय. "कुठली गाडी बंद पडत नाही?" असं विचारतात. सगळ्या पडतात. मी उलटं विचारतो: आज संध्याकाळी बंद पडली, तर उद्या पहाटेच्या फेरीआधी ती चालू करणारा मिस्त्री तुमच्या घरापासून किती किलोमीटरवर आहे? क्लच प्लेट, ब्रेक लायनर, पाट्याचा तुटलेला पाना मलकापुरात मिळतो, की कोल्हापूरला जावं लागतं? का तिथेही "ऑर्डर टाकावी लागेल" म्हणतात? गाडी ठरवायच्या आधी दोन गॅरेजमध्ये चहा प्या आणि विचारा, तुमच्याकडे सगळ्यात जास्त कुठली गाडी येते आणि कशासाठी येते. जी गाडी तालुक्यात सगळीकडे दिसते तिचा पार्टही सगळीकडे मिळतो. नाव सारखं दिसलं म्हणून फसू नका. बोलेरोत १४९३ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, बोलेरो पिकअपमध्ये २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं. भाऊ असले तरी स्वभाव वेगळे.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांत डीपीएफ आला, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून बराच वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. तुमचं काम वाडीतून गावात आणि गावातून वाडीत, चार-पाच किलोमीटरच्या तुकड्यांचं असेल तर जाळी भरते, दिवा लागतो, गाडी ताकद सोडते. लोक म्हणतात गाडी खराब. काम आणि गाडी जुळलेली नाही, एवढंच. छोट्या फेऱ्यांच्या धंद्याला पेट्रोल किंवा सीएनजीचा लहान टेम्पो बघा, मात्र रोजच्या रस्त्यावर सीएनजी पंप आहे का ते आधी तपासा. आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला लक्ष्मीपुरीत किंवा मार्केट यार्डात जाणार असाल तर डिझेल पिकअपला तो पळ आपोआप मिळतो.

आपला पाऊस आणि आपला रस्ता वेगळा धरायला हवा. पंचगंगेला मोठा पूर आला की केर्लीजवळ पाणी येतं आणि कोल्हापूरची वाट बंद होते. २०१९ आणि २०२१ आठवा. दुसऱ्या बाजूला आंबा घाट. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीनंतर तो अवजड वाहतुकीला बंद राहिला होता. अशा वेळी दोन टनांच्या आतली गाडी कामाची असते. मोठा ट्रक अडतो, छोटी गाडी आधी सुटते. आणि पुराचा अंदाज आला की एका फेरीत तीन-चार दिवसांचा माल भरून ठेवणारा दुकानदार त्या आठवड्यात गिऱ्हाईक राखतो.

रिकामी पिकअप पावसात त्रास देते, हेही खरं. वजन पुढे, ताकद मागच्या चाकाला, त्यामुळे लाल मातीच्या ओल्या चढावर मागची चाकं फिरत राहतात. जुने ड्रायव्हर पावसाळ्यात मागच्या एक्सलवर वाळूची दोन-तीन पोती बांधून ठेवतात, तुम्हीही ठेवा. साखरप्याकडे भरल्या गाडीने उतरताना न्यूट्रल नाही. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. छोट्या हत्तीवर पंचवीस पिशव्या टाकून घाट उतरणारे बहाद्दर आहेत आपल्याकडे. त्यांच्याकडून काहीही शिका, हे नका शिकू.

मग एसयूव्ही कुणी घ्यावी? ज्याचा धंदाच सीट विकण्याचा आहे त्याने. आंब्याला, विशाळगडाला, पावनखिंडीला येणाऱ्या माणसांना फिरवायचं असेल, होम-स्टे चालवत असाल, तर सात सीटची गाडी हेच तुमचं हत्यार. पण तीही टुरिस्ट परमिटची, पिवळ्या पाटीची. वडापच्या जिपांनी हा तालुका वर्षानुवर्षं हलवला, त्यामुळे माणसं नेण्याची अक्कल इथे घराघरात आहे. ती परमिटवर वापरा. आणि तुम्हाला रोज पाच-सहा कामगार आणि थोडं सामान न्यायचं असेल, म्हणजे सेंट्रिंग, इलेक्ट्रिक फिटिंग, मंडप असं काम असेल, तर डबल केबिनचा कॅम्पर बघा. साधारण टनभर माल आणि आरसीत लिहिलेली माणसं, दोन्ही कायद्यात बसतं. कामगार रोज नसतील तर मात्र तो आखूड हौदा तुम्हाला वर्षभर चिडवेल.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून गोंधळलेलेही भेटतात. तिथे फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून सगळ्यात जास्त विकली जाणारी पिकअप आहे, पण तिथला "ट्रक" म्हणजे हौदा असलेली घरचीच गाडी. आपल्याकडे त्या जातीच्या हायलक्स आणि व्ही-क्रॉस मिळतात. किंमत बघा आणि पुढे चला.

राहिला मान. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. टाटा एस २००५ मध्ये आली. त्याआधी गिरीश वाघ यांची टीम तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलत फिरली, तेव्हा त्यांना कळलं की या माणसांना चार चाकं फक्त मालासाठी नको आहेत, चार चाकांमुळे समाजात मिळणारी किंमतही हवी आहे. मालवाहू गाडी घेणाऱ्यालाही मान लागतोच. लग्न ठरवताना पिकअप दारात असलेली चालत नाही आणि स्कॉर्पिओ चालते, असं मला बऱ्याच मुलांनी तोंडावर सांगितलंय. ठीक आहे. पण मुलीकडच्यांनी विचारलं तर महिन्याचा हिशोब दाखवा. हप्ते थकलेली स्कॉर्पिओ लपवण्यापेक्षा ते सोपं आहे. आणि महिन्यातले दोन-तीन दिवस सीटची गाडी लागलीच, तर भाड्याने घ्या.

शोरूमला जायच्या आधी सात दिवस वही भरा. रोज किती किलो माल, किती किलोमीटर, किती फेऱ्या, किती वेळ गाडी रिकामी परतली, किती माणसं खरंच सोबत लागली. सातव्या दिवशी बेरीज करा. सगळ्यात जड दिवसाच्या मालाला पुरेल एवढी क्षमता घ्या, त्याहून फार मोठी नको. मग ट्रायल. रिकाम्या गाडीची चक्कर घेऊन काही कळत नाही. दहा पिशव्या टाकून मलकापूर ते आंबा जाऊन या. डीलर नाही म्हणाला, तर तेच मॉडेल चालवणारा ओळखीचा पिकअपवाला गाठा आणि एक दिवस त्याच्या शेजारी बसून फिरा. डिझेल तुमचं, जेवणही तुमचं.